रीडिंग बोलून घ्यायचं: देखभाल ॲपला आवाज जोडतानाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून काम सुरू. ॲप जुनंच आहे. पंप आणि कॉम्प्रेसरच्या खोल्यांमधून फेरी मारणारे तंत्रज्ञ दाब, बेअरिंगचं तापमान, कंपन आणि तेलाची पातळी त्यात भरतात. त्याला आता बोलून नोंद करायची सोय जोडायची आहे.

हे कशासाठी, ते नोंदींच्या वेळा पाहिल्या की कळतं. फेरीला दीड तास लागतो आणि सगळ्या नोंदी शेवटच्या दहा-बारा मिनिटांत एकापाठोपाठ पडलेल्या असतात. म्हणजे गेजसमोर उभं असताना कुणी ॲप उघडतच नाही. हातात तेलकट मोजे, एका हातात टॉर्च. स्क्रीनला बोट लावायचं तर मोजा काढा, हात पुसा, परत चढवा. त्यापेक्षा आकडे चिठ्ठीवर किंवा डोक्यात ठेवायचे आणि शेवटी बसून भरायचे, असं सगळ्यांचं चालतं. मधल्या वेळात एखादा आकडा इकडचा तिकडे होणारच, आणि तो झाला हे कुणाला कळणारही नाही.

कामाची हद्द आजच ठरवून टाकली. बोलून फक्त रीडिंग घ्यायचं. जुन्या नोंदी चाळणं, आलेख बघणं, दोन महिन्यांची तुलना करणं हे स्क्रीनवरच राहील. वीस आकडे डोळा एका नजरेत बघतो, कानाला ते एकेक करून ऐकावे लागतात. हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले असतात तिथेच आवाजाचा खरा उपयोग.

५ फेब्रुवारी, बुधवार

कोडची एक ओळही लिहिण्याआधी पडद्यामागच्या माणसाची चाचणी घेतली. तंत्रज्ञ हेडसेट लावून फेरी मारतो, दुसऱ्या खोलीत आमच्यातला एक जण ऐकून फॉर्म भरतो आणि ॲपच्या वतीने उत्तर देतो. ही पद्धत जुनी आहे, जे. एफ. केली यांनी १९८० च्या दशकात माणसांच्या रोजच्या भाषेत चालणाऱ्या संगणक प्रणालींसाठी ती रीतसर मांडली. पलीकडे माणूस आहे हे आम्ही चौघा तंत्रज्ञांनाही आधीच सांगून टाकलं. लपवून ऐकणं मला पटत नाही.

आमच्या कागदावर वाक्य होतं: ‘पंप पाच. दाब चार पॉइंट पाच. तापमान बासष्ट.’

प्रत्यक्षात आलं ते असं:

‘हां, पाच नंबर. दाब साडेचार… नाही थांबा, पावणेपाच. बेअरिंग जरा गरमच लागतंय हो. बासष्ट.’

‘ह्याचं तेल ठीक आहे. दुसरा बंद आहे.’

‘सात नंबर कालच्यासारखंच.’

तीन-चार वाक्यांत आमचं सगळं चित्र बदललं. ‘तापमान’ हा शब्द दिवसभरात कुणी उच्चारला नाही, ‘गरम’ म्हणतात. पंपाला ‘ह्याचं’ म्हणतात, कारण ते त्याच्यासमोर उभे असतात. आणि ‘दुसरा बंद आहे’ म्हणजे दोन नंबरचा पंप की जोडीतला उरलेला? पलीकडे ऐकणारा आमचा सहकारी अडला, त्याने उलट विचारलं आणि उत्तर आलं, ‘जोडीतला हो, सहा नंबर.’ जिथे माणसालाही विचारावं लागतं, तिथे ॲपनेही विचारायलाच हवं. अंदाजाने भरून टाकायचं नाही.

पाळीवरचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणतात, माइक लागताच छापील भाषेत बोलायला लागले. ‘पंप क्रमांक तीनचा दाब चार एवढा आहे.’ एकेक शब्द तोडून, ताणून. त्यांना म्हटलं, काका, तुम्ही शेजारच्या माणसाला सांगता तसंच सांगा. ‘मग ते समजेल का त्याला?’ ते खरंच काळजीने विचारत होते. त्याला समजेल असं करायचं काम आमचं आहे, असं सांगितलं. हे उत्तर आता निभवायचं आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

खोल्यांमध्ये नेटवर्क भरवशाचं नाही, म्हणून आवाज ओळखण्याचं काम उपकरणावरच करायचं ठरलं. बोललेलं ऐकून लिहून काढणारं, मुक्त परवान्याचं एक बहुभाषिक मॉडेल घेतलं, मधल्या आकाराचं. साखळी अशी: माइक, मग बोलणं कुठे सुरू झालं नि कुठे संपलं ते ओळखणारा भाग, मग आवाजाचं लिखाण, मग त्या लिखाणाची साफसफाई, मग त्यातून यंत्र, माप आणि आकडा वेगळे काढणं, मग पडताळणी, आणि शेवटी उत्तर.

शांत खोलीत पहिली ओळख, आकडे सोडले तर, मनासारखी झाली. गेल्या सत्तर-बहात्तर वर्षांत हे कुठून कुठे आलं ते आठवलं. १९५२ मध्ये बेल लॅब्सच्या ‘ऑड्री’ला शून्य ते नऊ एवढेच अंक कळत, तेही ओळखीच्या आवाजात आणि मध्ये थांबत थांबत बोलले तर. १९६२ मध्ये आयबीएमने दाखवलेल्या ‘शूबॉक्स’ला १६ शब्द येत, त्यांतले १० अंकच. यंत्रं सगळ्यांत आधी अंक ऐकायला शिकली, आणि आज आमच्या पहिल्याच चाचणीत वाक्यं बरोबर आणि आकडे चुकलेले आहेत. वाक्याला आजूबाजूचे शब्द सावरून घेतात. आकडा एकटा पडतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल दुपारपासून ओळख एकदम घसरली होती. मॉडेल तेच, माणसं तीच. शेवटी आवाजाची फाइल उघडून पाहिली तर आवाजाचे नमुने दर सेकंदाला फक्त ८,०००. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की जोडणी संगीताच्या मार्गावरून फोन-कॉलच्या मार्गावर जाते, आणि हेडसेट जुन्या पद्धतीचा असेल तर आवाज ८ किलोहर्ट्झवर येतो. म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. ‘स’ आणि ‘श’ची बरीचशी ओळख तिथेच असते. आमचा कोड तो आवाज निमूट १६ वर ताणून मॉडेलला देत होता. आकार बरोबर, आत काही नाही. गेलेला आवाज ताणून परत येत नाही.

१६ किलोहर्ट्झचा मार्ग जमणारे हेडसेट मागवले. ॲप आता सुरुवातीलाच दर तपासतं आणि कमी असेल तर तसं सांगतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आख्खा दिवस आकड्यांत गेला, आणि या प्रकल्पातला मला सगळ्यांत आवडलेला दिवस हाच.

मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र शब्द आहे. नियम लावून ते बनवता येतील ही आशा तासाभरात सोडली आणि तक्ता केला. त्यात एकाच आकड्याची दोन-दोन, तीन-तीन रूपं: एकोणऐंशी नि एकुणऐंशी, शहाऐंशी नि शाऐंशी. काकांच्या आणि इतरांच्या रेकॉर्डिंगमधून जे जे ऐकू आलं ते सगळं घेतलं. प्रमाण रूप कोणतं हे ॲपने कुणाला शिकवायचं नाही.

मग पाव-अर्ध्याचा कारभार. ‘दीड’ आणि ‘अडीच’ हे स्वतंत्र शब्द. ‘साडे’ तीनपासून पुढे चालतं. ‘सव्वा’ पाव वाढवतो, ‘पावणे’ पाव कमी करतो, आणि ‘पाऊण’ म्हणजे नुसते तीन चतुर्थांश. इथवर सोपं आहे. पण हा पाव कशाचा, ते त्याच्यानंतर येणाऱ्या शब्दावर ठरतं. ‘सव्वातीन’ म्हणजे ३.२५, ‘सव्वातीनशे’ म्हणजे ३२५. ‘पावणेदोन’ म्हणजे १.७५, ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५. ‘पाऊणशे’ म्हणजे ७५ आणि ‘सव्वाशे’ म्हणजे १२५. एकदा लक्षात आलं की आधी शे, हजार हे एकक शोधायचं, मग त्याच्या आधीचा अपूर्णांकी आकडा त्याने गुणायचा, की सगळं एका लहानशा फंक्शनमध्ये बसलं. लहानपणी पाढ्यांबरोबर तोंडी बसलेला हा हिशेब इतका नीटनेटका आहे हे मी पहिल्यांदाच कागदावर पाहिलं.

त्यानंतर ‘साठेक’ आला.

रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे: ‘गरम साठेक असेल.’ मॉडेलने लिहिलं ‘साठ एक’. आमच्या कोडने साठात एक मिळवून ६१ नोंदवले. बोलणारा सांगत होता की साधारण साठ, काटा हलतोय. त्यातून आम्ही त्याच्यापेक्षा जास्त अचूक आकडा तयार केला. ‘एक’ जोडून बोललेला आकडा अंदाजाचा असतो हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की तक्ता करताना आमच्या तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. आता ‘साठेक’, ‘पन्नासेक’, ‘साधारण साठ’, ‘पन्नास-साठच्या मध्ये’ असं काही आलं तर नोंद ‘अंदाजे’ या खुणेसह जाते. डेटाबेसमध्ये त्यासाठी नवा रकाना काढला. तो जुन्या फॉर्ममध्ये कधीच नव्हता. म्हणजे इतकी वर्षं लोक अंदाजाचे आकडे अचूक म्हणून भरत होते, कारण फॉर्मने दुसरी वाटच ठेवली नव्हती.

‘चार दोन’ राहिलं आहे. कुणी ते ४.२ साठी म्हणतं, कुणी ४२ साठी. तूर्त ॲप विचारतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

‘दुसऱ्या पंपाचा दाब चार’ हे वाक्य डोळ्यांना बरोबर दिसतं आणि कोडला सापडत नाही. दोन तास गेले.

कारण ‘ऱ्या’. हे दोन प्रकारे टाइप होतं. एकात युनिकोडचा वेगळा ‘ऱ’ आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आमच्या शब्दयादीत एक होतं, मॉडेल दुसरं लिहीत होतं. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची ठरलेली पद्धत, हे दोन एक करत नाही, ते आपणच करावं लागतं. साफसफाईच्या पहिल्या पायरीवर एक बदली टाकली. ‘त्र्याहत्तर’सारख्या शब्दांत ‘त्र’ वेगळा आहे, तिथे हात लागत नाही ना ते टेस्टमध्ये घातलं.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशी करावं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पंप चालू असताना पहिली खरी चाचणी झाली. वाईट दिवस.

सात नंबरच्या टाकीचं तेल कमी झालं होतं. तंत्रज्ञ म्हणाले, ‘सात नंबर, तेल सात टक्के.’ ॲपने नोंदवलं: पंप ७, तेल ६० टक्के. हिरवी टिकली आली, ते पुढे गेले. जिन्याशी पोचल्यावर त्यांनी सहज स्क्रीनकडे पाहिलं आणि परत आले.

‘सात’ आणि ‘साठ’. एका व्यंजनाचा फरक. ‘त’ दातांपाशी, ‘ठ’ टाळूपाशी आणि श्वासासह, आणि दोन्हींची ओळख आवाज फुटतानाच्या काही मिलिसेकंदांत असते. तेवढाच भाग पंपाच्या घरघरीत बुडतो, मागे ‘सा’ तेवढा लांबवर ऐकू येतो. त्यात गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, स्वर ताणतो, पट्टी चढवतो. एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये वर्णन केलेला हा परिणाम. शांत खोलीत घेतलेले आमचे नमुने त्या आवाजासारखे नव्हतेच.

दाब ६० आला असता तर मर्यादेबाहेर म्हणून अडला असता. तापमान ७ आलं असतं तरी अडलं असतं. तेलाच्या टक्केवारीत दोन्ही आकडे चालून जातात. त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं तर टाकी कोरडी पडत असताना आमची नोंद सांगत राहिली असती की निम्म्याहून जास्त भरली आहे. नोंद झालीच नसती तर पुढच्या पाळीने जाऊन पाहिलं तरी असतं.

चाचणी थांबवली. हे सुटेपर्यंत खोलीत जायचं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली सूचना आली ती मॉडेलला संदर्भ द्यायची: मागच्या वेळी तेल किती होतं ते सांगा, म्हणजे ते त्याच्या जवळचा आकडा निवडेल. मी याच्या विरोधात आहे, आणि का ते इथे सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी हे परत सुचवलं तर वाचता येईल.

कालच्या प्रसंगात मागची पातळी ५८ टक्के होती. मॉडेलला ती माहीत असती तर त्याने आणखी खात्रीने साठ निवडलं असतं. फेरी मारायची ती नेहमीपेक्षा वेगळं काय झालंय ते पकडायला. ऐकणारा जर नेहमीच्याच आकड्याकडे झुकला, तर जी एक नोंद घ्यायला माणूस तिथपर्यंत चालत गेला तीच आपण पुसतो. मागचा आकडा वापरायचा तो शंका घेण्यासाठी. ऐकलेला आकडा बदलण्यासाठी तो कधीच वापरायचा नाही.

म्हणून नियम असे केले. मॉडेलच्या पहिल्या काही पर्यायांत गोंधळाची जोडी असेल, म्हणजे सात-साठ, साठ-आठ, पंचावन्न-पंचाण्णव, बावन्न-ब्याण्णव अशांपैकी, तर ॲप विचारतं. मागच्या रीडिंगपासून फार दूर असेल तरी विचारतं. आणि तेलासाठी, जिथे कमी आकडा धोक्याचा आहे, तिथे प्रत्येक नोंद बोलून दाखवतं, शंका असो वा नसो.

पण बोलून दाखवायचं कसं? ‘तेल साठ टक्के’ असं ॲप म्हणालं तर त्याच घरघरीत माणसाच्या कानालाही ते ‘सात’ वाटू शकतं. तो ‘हो’ म्हणेल आणि चुकीवर शिक्कामोर्तब होईल. पटकन करून पाहिलं: पंपाचा आवाज स्पीकरवर लावला, आमच्याच एका सहकारी ताईंना डोळे मिटून ऐकायला सांगितलं. त्यांना दोन वेळा ‘साठ’चं ‘सात’ ऐकू आलं. मग उत्तरात अंक फोडले: ‘तेल साठ. सहा, शून्य.’ आणि एकच अंक असेल तर ‘तेल सात. एकच अंक, सात.’ ‘सहा-शून्य’ आणि ‘एकच अंक’ यांच्यात गोंधळायला काही उरत नाही. ताईंना सगळे बरोबर ऐकू आले.

३ मार्च, सोमवार

बोलणं संपलं हे कधी मानायचं?

६०० मिलिसेकंद शांतता झाली की संपलं, असं ठेवलं होतं. माणसं गप्पा मारताना याहून लवकर उत्तर देतात. दहा भाषांच्या २००९ मधल्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं होतं. त्या मानाने ६०० भरपूर वाटलं.

पण इथे गप्पा नाहीत. तंत्रज्ञ म्हणतो ‘पाच नंबर, दाब…’, मग वाकतो, टॉर्च मारतो, काचेवरचा तेलाचा थर बोटाने पुसतो, आणि तीन सेकंदांनी ‘…पावणेपाच.’ तोवर ॲपने दोनदा ‘आकडा सांगा’ म्हणून झालेलं असतं. ‘बघू तर दे मला,’ असं एक जण त्याला म्हणाला, आणि तेच बरोबर होतं.

दुसरी बाजू याहून नाजूक आहे. मराठीत नकार शेवटी येतो. ‘हे नोंदव… नको, थांब.’ ‘पंप बंद आहे… असं नाही, आवाज कमी आहे.’ घाईने कापलं की अर्थ नेमका उलटा होतो, आणि कापलेलं वाक्य व्याकरणाने अगदी पूर्ण दिसतं.

आता थांबण्याची वेळ वाक्यावर ठरते. यंत्र आणि माप आलं पण आकडा नाही, तर सहा सेकंद गप्प बसायचं. आकडा आला की ८०० मिलिसेकंद. ‘नोंदव’, ‘पुसून टाक’ असं क्रियापद आलं तर सव्वा सेकंद, मागून नकार येतो का पाहायला. सुरुवात मात्र हेडसेटवरचं मोठं बटण दाबून. हाक मारून जागं करायची पद्धत सोडून दिली. त्यासाठी माइक सतत उघडा ठेवावा लागतो, आणि पाळीवरच्या माणसांनी आपसात काय बोलावं ते ऐकण्याचा आम्हाला काही अधिकार नाही.

६ मार्च, गुरुवार

‘परवा’. ‘परवाचं रीडिंग सांग’ मागचं, ‘परवा ग्रीस करायचंय’ पुढचं. क्रियापद आणि कामाचा प्रकार पाहून बहुतेक वेळा सुटतं. ‘परवाची फेरी’ एवढंच आलं तर विचारायचं. अर्ध्या तासात झालं.

१० मार्च, सोमवार

वेगळे काढण्याच्या भागाला, म्हणजे वाक्यातून यंत्र-माप-आकडा शोधण्याला, मोठं भाषा-मॉडेल लावून पाहिलं. आमचे नियम जिथे धडपडत होते तिथे ते सहज चाललं. ‘साडेचार, नाही थांबा, पावणेपाच’ यातला पहिला आकडा टाकायचा हे त्याला कळतं. ‘ह्याचंच तेल’ मधलं ‘ह्याचंच’ मागच्या वाक्यातल्या पंपाला जोडतं. ‘जरा गरमच लागतंय’ हे शेऱ्यात टाकतं. हे मी नियमांनी करत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं.

मग एका वाक्यात ‘दाब साडेचार’ एवढंच होतं, आणि उत्तरात पंप क्रमांक ३ आला. तीन कुणी म्हटलं नव्हतं. रकाना रिकामा दिसला म्हणून भरला.

दुपारभर वाद झाला आणि मधला मार्ग ठरला. मॉडेलने फक्त ठरलेल्या साच्यातच उत्तर द्यायचं, साच्याबाहेरचं अक्षर लिहिताच येणार नाही असं बंधन. आकडे त्याने अंकांत द्यायचे नाहीत. बोललेले शब्द जसेच्या तसे उचलून द्यायचे, ‘पावणेपाच’ तर ‘पावणेपाच’. त्याचे ४.७५ करायचं काम आमच्या १७ तारखेच्या फंक्शनचं, ते दर वेळी तेच उत्तर देतं. आणि उचललेला प्रत्येक शब्द मूळ लिखाणात किंवा आधीच्या वाक्यात खरोखर आहे का ते तपासायचं. नसेल तर तो रकाना रिकामा, आणि ॲप विचारेल: ‘कोणता पंप?’

या तपासणीला पंधरा ओळी लागल्या. प्रकल्पातल्या सगळ्यांत मोलाच्या पंधरा ओळी याच आहेत असं मला वाटतं.

१३ मार्च, गुरुवार

ॲपने बोलायचं कसं.

माणसं त्याला ‘लिही’, ‘पुसून टाक’, ‘थांब’ असं एकेरीत सांगतात. उलट बाजूने ‘आकडा सांगा’ असं आदराने यावं, यावर तंत्रज्ञांमध्ये दुमत नव्हतं. ‘मी ऐकू शकलो नाही’ की ‘शकले नाही’ हा प्रश्न वाक्यातून ‘मी’ काढून सोडवला. ‘दाब कळला, आकडा नाही. आकडा सांगा.’ यात एक फायदा आपसूक झाला: काय कळलं नि काय राहिलं ते दोन्ही येतं. पहिल्या बिल्डमध्ये, म्हणजे ॲपच्या पहिल्या तयार आवृत्तीत, ‘क्षमस्व, मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा’ असं होतं. ते ऐकून माणूस सगळं वाक्य पहिल्यापासून, जास्त मोठ्याने आणि तोडून तोडून म्हणतो, आणि ते आणखीच कळत नाही. नेमकं तेवढंच विचारलं की तो नेहमीच्या आवाजात तेवढंच सांगतो.

दोनदा विचारूनही कळलं नाही तर तिसऱ्यांदा विचारायचं नाही. स्क्रीनवर मोठा आकडेफलक उघडायचा, मोजा घालूनही दाबता येईल एवढा.

ॲपचा स्वतःचा आवाज माइकमध्ये शिरून त्यालाच उत्तर समजण्याचा प्रकारही झाला. प्रतिध्वनी काढणारा भाग चालू केला. बटण दाबलं की ॲपने वाक्य अर्धवट सोडून गप्प व्हायचं, हेही.

१९ मार्च, बुधवार

खोलीत परत गेलो. मोजायचं काय, ते आधी ठरवलं.

शब्दचुकीचा दर सगळे मोजतात: बदललेले, गळलेले आणि वाढलेले शब्द यांची बेरीज, भागिले मुळातले शब्द. ‘सात नंबर तेल सात टक्के आहे’ यातला ‘आहे’ गळला तरी एक चूक, ‘सात’चं ‘साठ’ झालं तरी एकच चूक. आमच्या कामाला या मापाचा फारसा उपयोग नाही. त्याऐवजी तीन खाती केली: बरोबर पडलेल्या नोंदी, विचारून पडलेल्या नोंदी, आणि न विचारता चुकीच्या पडलेल्या नोंदी. तिसरं खातं शून्य हवं. त्यासाठी दुसरं वाढलं तरी चालेल.

आज तिसऱ्यात एक आली: ‘ब्याण्णव’चं ‘बावन्न’. जोडी यादीत होती, पण मॉडेलला इतकी खात्री होती की दुसरा पर्याय त्याने दिलाच नाही. म्हणून आता पर्यायांची वाट पाहायची नाही. जोडीतला कोणताही आकडा ऐकू आला की ॲप अंक फोडून बोलून दाखवेल.

रेकॉर्डिंग ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच ठेवली. बाकीची संध्याकाळी त्यांच्यासमोर पुसली.

२४ मार्च, सोमवार

‘आहे’ला ‘हाय’, ‘पाणी’ला ‘पानी’, ‘तेल’ ऐवजी ‘त्याल’. दोघांची ओळख इतरांपेक्षा कमी पडत होती, आणि ते ‘आमचं बोलणंच तसं आहे’ म्हणून स्वतःकडे दोष घेत होते. ते मला फार लागलं. त्यांच्याच परवानगीने त्यांच्या रेकॉर्डिंगमधून शब्दरूपं काढली, यादीत घातली, आणि टेस्टच्या वाक्यांत निम्मी वाक्यं त्यांच्या आवाजातली ठेवली. त्यांचं चुकलं तर आता बिल्डच अडतं.

२८ मार्च, शुक्रवार

पहिल्या पाळीला ॲप आठवडाभर दिलं होतं. नोंदींच्या वेळा पाहिल्या: फेरीच्या दीड तासभर पसरलेल्या, गेजमागून गेज. तिसऱ्या खात्यात २० तारखेनंतर काही नाही. दुसरं खातं फुगलं आहे. विशेषतः तेलाला दर वेळी ‘सहा, शून्य’ ऐकणं दोघांना कंटाळवाणं वाटतं. ते तसंच ठेवणार आहे, आणि का ते त्यांना २४ फेब्रुवारीची नोंद दाखवून सांगितलं.

काकांची मागणी आहे: ‘कालच्यासारखंच’ म्हटलं की कालचे आकडे भरले जावेत. माणसाला हे चालतं, ॲपला मी चालू दिलेलं नाही. कालचा आकडा आज कुणी वाचलेला नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बरं, मग असं करा, मी तसं म्हटलं की त्याने मला कालचा आकडा ऐकवावा. मी काट्याकडे बघतो आणि सांगतो.’

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण कालचा आकडा ऐकूनच काट्याकडे पाहिलं तर नजरही त्याच आकड्याकडे झुकेल का, ही शंका आहे. त्यांना ती सांगितली, त्यांनाही पटली. मंगळवारी दोन्ही प्रकारे करून पाहणार आहोत: आधी ऐकून बघणं, आणि आधी बघून मग ऐकणं.

सोमवारी दुसरी पाळी सुरू. हेडसेट चार, बटणं तपासली आहेत. ‘चार दोन’ अजून सुटलेलं नाही.